लग्नाची कॅसेट डिस्कवर उतरवताना

मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांच्या बेसमेंटमध्ये एक खोका असतो. घर बदललं की तो आपल्याबरोबर येतो, उघडला मात्र जात नाही. आत व्हीएचएस कॅसेट्स असतात. एकीवर "लग्न – भाग १", दुसरीवर "बारसं + महाबळेश्वर", तिसरीवर नुसतंच "जपून ठेवणे". भाग २ कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नसतं.

गेल्या वर्षी मंडळाच्या मदतनिधीसाठी काय करावं यावर चर्चा चालली असताना कुणीतरी या खोक्याचा विषय काढला आणि आम्ही चौघं त्यात पडलो. ठरलं असं, की सभासदांनी जुन्या कॅसेट्स आणायच्या, आम्ही त्या कॉम्प्युटरवर घेऊन डीव्हीडीवर उतरवून द्यायच्या, आणि कॅसेटमागे ज्याला जमेल ती देणगी त्यानं निधीत टाकायची. आमच्यात व्हिडिओचं शिक्षण घेतलेलं कुणीही नाही. एक सॉफ्टवेअरवाला, एक फार्मासिस्ट आणि दोघी निवृत्त शिक्षिका. त्यामुळे पुढे जे लिहिलंय ते चुकत-माकत शिकलेलं आहे. त्यातली एक चूक महागात पडली. ती आधी सांगतो, म्हणजे तुमच्या हातून होणार नाही.

एका काकूंनी कोकणातल्या घरून आणलेली मुंजीची कॅसेट दिली. तिच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढुरकी भुकटी दिसत होती. धूळ असेल म्हणून आम्ही फुंकर मारली आणि कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली. ती धूळ नव्हती, बुरशी होती. दहा-बारा मिनिटं चित्र ठीक चाललं, मग हेडला बुरशी चिकटली, चित्र गेलं आणि टेप आत गुंडाळली गेली. वरचं झाकण काढून ती सोडवली, पण हातभर तुकडा चुरगळला तो चुरगळलाच. हातभर टेप म्हणजे जेमतेम वीस सेकंद. नेमकी त्या वीस सेकंदांत बटूची आजी त्याला भिक्षा वाढत होती. आजी आता नाहीत. काकू आम्हाला एका शब्दानं बोलल्या नाहीत, देणगीही दिली. त्या दिवसापासून आमचा नियम झाला: कॅसेट आधी बघायची, मग वाजवायची.

आधी कॅसेट बघा

कॅसेटच्या पोटात अर्धा इंच रुंदीची पॉलिएस्टरची पट्टी असते. तीन तासांच्या कॅसेटमध्ये ती सुमारे २५० मीटर भरते. त्या पट्टीवर चुंबकीय भुकटीचा थर गोंदासारख्या पदार्थानं बसवलेला असतो. चित्र आणि आवाज त्या भुकटीत. काळाच्या ओघात गोंद दमट हवेतलं पाणी ओढतो, चिकट होतो, थर सुटायला लागतो. आपल्याकडचे चार महिन्यांचे पावसाळे ज्या कॅसेटनं माळ्यावर काढलेत तिची अवस्था इथल्या कोरड्या कपाटात राहिलेल्या कॅसेटपेक्षा वाईट असणार हे धरून चाला.

चांगल्या उजेडात खिडकीतून रीळ बघा. पांढरे डाग, भुकटी, कडा वाकडीतिकडी दिसली तर ती कॅसेट वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाजूला ठेवा. हे काम व्यावसायिक माणसाचं आहे, पैसे लागले तरी चालतील. एक बुरशीची कॅसेट मशीन खराब करते आणि मागून येणाऱ्या प्रत्येक कॅसेटला प्रसाद देते.

कॅसेट स्वच्छ दिसली तरी गराजमधल्या थंडीतून आणून लगेच लावू नका. एक दिवस घरातल्या हवेला राहू द्या. मग ती एकदा शेवटपर्यंत पुढे न्या आणि परत मागे आणा. वीस-तीस वर्षं एकाच ताणात गुंडाळून पडलेली टेप त्यानं सैल होऊन पुन्हा सारखी बसते. आणि हो, कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकची बारीक पट्टी असते, ती आधी तोडून टाका. ती नसली की मशीन त्यावर रेकॉर्ड करूच शकत नाही. घाईत लाल बटण दाबून स्वतःच्या लग्नावर टीव्हीवरच्या हवामानाच्या बातम्या घेतलेले एक गृहस्थ आमच्यातच आहेत.

पाल आणि एनटीएससी

पाल म्हणजे भिंतीवरची नव्हे. भारतात टीव्हीची जी पद्धत होती तिचं नाव पाल: चित्रात ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेतली पद्धत एनटीएससी: ५२५ रेषा आणि सेकंदाला साधारण ३० चित्रं. टेप सरकण्याचा वेगही दोन्हीकडे वेगळा. म्हणून भारतातून आलेली लग्नाची कॅसेट इथल्या साध्या व्हीसीआरमध्ये घातली की चित्र गरगर फिरतं किंवा नुसत्या रेषा दिसतात आणि आवाजही धड येत नाही. अनेकांनी एवढं पाहूनच "कॅसेट गेली" असं ठरवून ती टाकून दिली. कॅसेट धडधाकट होती हो, फक्त मशीन चुकीचं होतं.

कॅसेट कुठली ते ओळखायला लेबल बघा. ई-१८० असं लिहिलं असेल तर ती पाल देशांसाठी बनलेली, टी-१२० असेल तर अमेरिकेसारख्या देशांसाठी. पण हा पुरावा पक्का नव्हे, कारण रिकामी कॅसेट दोन्हीकडे चालायची. शिवाय आपण लोक इथला कॅमकॉर्डर खांद्याला लावून भारतात जायचो. तेव्हा साताऱ्याच्या घरातलं चित्रण एनटीएससी निघतं आणि दादरच्या स्टुडिओतून भरून आलेलं लग्न पाल. शूटिंग कुठं झालं यावर जाऊ नका, कॅमेरा कुणाचा होता ते आठवा.

पाल कॅसेटसाठी दोन्ही पद्धती वाजवणारा मल्टिसिस्टम व्हीसीआर मिळवा, किंवा भारतातून व्हीसीआर आणा. आणलात तर तो २२० व्होल्टचा असेल, त्याला वीज वाढवून देणारा ट्रान्सफॉर्मर लागेल. थेट भिंतीतल्या ११० वर लावू नका. मल्टिसिस्टम मशीनमध्ये पालचं एनटीएससी करून देण्याची सोय असली तर ती बंद ठेवा. त्या रूपांतरात चित्र खराब होतं. कॉम्प्युटरला दोन्ही पद्धती कळतात, त्याला पाल जशीच्या तशी द्यावी.

मशीन मात्र लवकर शोधा. जेव्हीसी कंपनीनं १९७६ साली जपानमध्ये आणलेली ही व्हीएचएस चाळीस वर्षं टिकली. शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आता जे आहेत ते सगळे जुने. रबरी पट्टे सैल झालेले, हेड झिजलेले, आणि दुरुस्त करणारे कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आम्ही तीन जुने व्हीसीआर मिळवले, त्यातला एकच धड निघाला. विकत घेण्यापूर्वी आपली नको असलेली एखादी कॅसेट घेऊन जा आणि त्यात लावून बघा.

वायरी आणि कॉम्प्युटर

आता मुख्य काम. व्हीसीआरच्या मागे पिवळं, पांढरं आणि लाल अशी तीन भोकं असतात. पिवळ्यातून चित्र, पांढऱ्या-लालमधून आवाज. लहान गोल एस-व्हिडिओचं तोंड असेल तर पिवळ्याऐवजी ते वापरा, चित्र अधिक स्वच्छ येतं. हाय-८ कॅमेऱ्यांना ते बहुधा असतंच. या वायरी यूएसबी कॅप्चरच्या छोट्या डबीत जातात आणि डबी कॉम्प्युटरला लागते. डबीबरोबर आलेलं सॉफ्टवेअर चालतं. आम्ही व्हर्च्युअलडब हे फुकट मिळणारं वापरलं. त्यात सुरुवातीलाच पाल की एनटीएससी ते सांगावं लागतं. चुकीचं निवडलं तर चित्र काळं-पांढरं येतं किंवा येतच नाही.

पिवळ्या वायरीचं एचडीएमआय करून देणाऱ्या स्वस्त डब्या बाजारात आहेत. त्या आम्हाला पटल्या नाहीत. जुनं चित्र चौकोनी असतं, चाराला तीन. या डब्या ते ओढून रुंद करतात आणि लग्नातल्या सगळ्या बायका एका रात्रीत जाड होतात. "फोर-के" वगैरेच्या जाहिरातींनाही भुलू नका. व्हीएचएसमध्ये मुळात जेवढं आहे तेवढंच मिळणार, आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही.

कॅप्चर चालू असताना कॉम्प्युटरवर दुसरं काही करू नका. मध्ये ईमेल बघायला गेलात की काही चित्रं गळतात, आणि तासाभरानं ओठ आणि आवाज यांची फारकत होते. जुन्या टेपमुळेही असं होतं, कारण टेप एकाच गतीनं सरकत नाही. त्यावर टाइम बेस करेक्टर नावाचं यंत्र आहे, ते महाग आहे. घरगुती कामाला आम्ही वीस-वीस मिनिटांचे तुकडे करून भागवलं. डिस्क ड्राइव्हवर भरपूर जागा ठेवा. चांगल्या प्रतीत घेतलं तर तासाला पंचवीस-तीस जीबी सहज जातात.

मिनीडीव्हीची छोटी कॅसेट असेल तर हा सगळा खटाटोप नको. तिच्यात चित्र आधीच डिजिटल आहे. ते कॅमेऱ्यातून फायरवायरनं जसंच्या तसं उतरतं, तासाला सुमारे १३ जीबी. अडचण एवढीच की फायरवायरचं तोंड आता नव्या लॅपटॉपला नसतं. मुलांनी कॉलेजात वापरलेला जुना लॅपटॉप असेल तर तो टाकू नका.

विकत घेतलेल्या सिनेमांच्या कॅसेट्स मात्र आणू नयेत. त्यांची नक्कल करायला कायद्यानं मनाई आहे, आणि अनेक कॅसेट्समध्ये नक्कल बिघडवणारं संरक्षणही घातलेलं असतं.

गाण्याखालचा आवाज

लग्नाच्या कॅसेटबद्दल आमची एक जुनी तक्रार आहे. शूटिंगवाल्यानं वधूचं तोंड कमळात बसवलं, वराला बदामात बसवलं, त्याचं काही नाही, तो त्या काळाचा थाट होता. पण त्यानं सबंध लग्नावर सनई आणि सिनेमाची गाणी ओतली. मंगलाष्टकं म्हणणारी आत्या दिसते, ओठ हलतात, ऐकू येतं ते भलतंच. अशी कॅसेट ही मुळात नकलेची नक्कल असते, मूळ आवाज तिच्यात नसतोच. घरात "न कापलेली", "ओरिजिनल" अशी दुसरी कॅसेट पडली असेल तर आधी ती द्या. तिच्यात जेवणाच्या पंगतीचा कंटाळवाणा एक तास असेल, पण आत्या असेल.

स्वतःच्या हातानं केलेल्या शूटिंगवर घरच्या घरी गाणी चढवली असतील तर आशा आहे. व्हीएचएसवर आवाजाच्या दोन जागा असतात. एक टेपच्या कडेला, साधी; दुसरी चित्राच्याच पट्ट्यात, ती हाय-फाय. व्हीसीआरवरच्या ऑडिओ डबिंगनं गाणं चढवलं की ते फक्त कडेच्या जागेत जातं. कॅमेरा हाय-फाय असेल तर मूळ आवाज चित्राखाली तसाच राहतो. व्हीसीआरवर "हाय-फाय / नॉर्मल" असं बटण असतं, ते फिरवून दोन्ही ऐका.

आमच्या एका सभासदानं आईवडील इकडे आले होते तेव्हाच्या शूटिंगवर नंतर हौसेनं लताबाईंची गाणी टाकली होती. कॅसेट चालू असताना आम्ही सहज बटण फिरवलं. गाणं बंद झालं आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "अरे, ठेव तो कॅमेरा आता, पोळ्या गार होतायत." ते गृहस्थ खुर्चीतून उठून टीव्हीजवळ जाऊन उभे राहिले. आईचा आवाज आपल्याकडे कुठंच नाही असं ते इतकी वर्षं समजत होते. मग त्यांनी ती कॅसेट दोनदा कॅप्चर करून घेतली, एकदा गाण्यासकट आणि एकदा पोळ्यांसकट.

दोन तास बसायचं कसं?

टेप कॉम्प्युटरवर घ्यायला तिच्या लांबीइतकाच वेळ लागतो. दोन तासांची कॅसेट म्हणजे दोन तास. पहिल्या दिवशी आम्हाला हा वेळ फुकट जातोय असं वाटलं, म्हणून मशीन लावून चहाला गेलो. दुसऱ्या दिवशी एका घरच्या आजी स्वतःच कॅसेटबरोबर आल्या आणि पडद्यासमोर बसल्या. पंगतीतल्या एकेकाकडे बोट दाखवून त्या सांगत होत्या: ही बेळगावची मावशी, हा तिचा मधला, तो पुढे रेल्वेत लागला, आणि हा कोण ते मला आठवत नाही पण तो प्रत्येक लग्नात असायचा. सून धडाधड लिहून घेत होती. दोन तासांत चार पानं झाली.

तेव्हापासून आम्ही मशीनशेजारी दोन खुर्च्या आणि एक वही ठेवतो. डाव्या बाजूला वेळ, उजव्या बाजूला नावं. "४२ मि. – निळा शालू, पुण्याची वहिनी." नातवंडांना चित्र दिसेल, पण नाव कोण सांगणार? आजी भारतात असतील तर फाइल झाल्यावर व्हिडिओ कॉलवर दाखवा आणि विचारा. उशीर करू नका. टेप आणखी दोन वर्षं कदाचित थांबेल.

डिस्क करताना

कॅप्चर केलेली मोठी फाइल ही मूळ प्रत. ती एका बाहेरच्या हार्ड ड्राइव्हवर तशीच ठेवा, तिला हात लावू नका. तिच्यावरून हँडब्रेक या फुकटच्या सॉफ्टवेअरनं लहान एमपी-४ करा. तासाला दोन जीबीच्या आसपास जागेत चांगलं काम होतं. ती फोनवर, टीव्हीवर, भारतात, इथं, कुठंही चालते, पाल-एनटीएससीचा प्रश्नच उरत नाही. "डीइंटरलेस" ही खूण मात्र करा, नाहीतर हात हलवला की कंगव्यासारख्या रेघा दिसतात.

मग डिस्क कशाला? आमच्या अनुभवात ज्येष्ठांना हातात धरता येणारी, कपाटात ठेवता येणारी, रिमोटच्या एका बटणानं चालणारी वस्तू हवी असते. हल्लीच्या लॅपटॉपला डिस्कचा खाचा नसतो, यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर घ्यावा. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, म्हणजे बऱ्या दर्जाचे दोन तास. लग्न तीन तासांचं असेल तर दोन डिस्क करा, कोंबू नका.

इथं बरेच जण फसतात: फाइल उचलून डिस्कवर टाकली की ती कॉम्प्युटरची डिस्क होते, टीव्हीजवळच्या प्लेअरला ती कळेलच असं नाही. डीव्हीडीस्टाइलरसारख्या सॉफ्टवेअरनं तिची व्हिडिओ डीव्हीडी बनवावी लागते. तिथं पुन्हा पाल की एनटीएससी विचारतात. इथल्या प्लेअरसाठी एनटीएससी करा, कारण इथले बरेच प्लेअर पाल डिस्क घेत नाहीत. भारतात पाठवायची असेल तर पालच राहू द्या. लिहिण्याचा वेग सगळ्यात जास्त ठेवू नका, मधला ठेवा. आणि झाल्यावर डिस्क दुसऱ्या मशीनवर सुरुवात, मध्य, शेवट अशी तपासून बघा. आमच्या पहिल्या खेपेतल्या तीन डिस्क शेवटच्या दहा मिनिटांत अडकत होत्या. वरात निघायची आणि थांबायची.

डिस्कवर बॉलपेनानं लिहू नका, चिकटलेबल लावू नका, मऊ मार्कर वापरा. उन्हात आणि गाडीत ठेवू नका. डिस्कही अमर नाही, स्वस्तातल्या काही वर्षांतच दगा देतात. म्हणून एक प्रत डिस्कवर, एक हार्ड ड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या गावी, बहिणीकडे किंवा दिराकडे. आणि मूळ कॅसेट फेकू नका. उभी ठेवा, पुस्तकासारखी, कोरड्या जागी.

यंदाही हे काम मंडळाच्या सभागृहाच्या मागच्या खोलीत सुरू राहील. घरी मशीन नसेल किंवा वायरींची भीती वाटत असेल तर कॅसेट घेऊन या. प्रत्येक कॅसेटवर आपलं नाव आणि अंदाजे साल चिकटवून आणा, कॅमेरा इथला होता की भारतातला तेही आठवत असेल तर लिहा. एका घराच्या एका वेळी तीनच घेतो, कारण मशीन एकच आहे आणि त्याचंही वय झालंय. बुरशी दिसली तर आम्ही कॅसेट न लावता परत देऊ, राग मानू नये. देणगीचा डबा दाराशीच आहे. आणि शक्य असेल तर घरातल्या मोठ्या माणसांना बरोबर आणा. खुर्च्या दोनच्या चार केल्यात, चहा आमच्याकडून.